घड्याळवाला परत येतो की नाही

शहापूर आणि मुरबाड हे दोन्ही तालुके पालथे घातले तरी परदेशी सिनेमा कळणारा माणूस एकच सापडेल, आणि त्याला त्यातलं एक अक्षरही कळत नाही. हा माणूस म्हणजे माझे थोरले साडू. बायको त्यांना दाजी म्हणते म्हणून मीही दाजी म्हणतो. तसा मी बऱ्याच बाबतींत बायको म्हणते तेच म्हणतो. शेणव्याच्या अलीकडे, रस्त्यापासून जरा आत त्यांचं घर आहे. दुपारची जेवणं आटपली की तिथं दार लोटलं जाई, खिडकीवर गोधडी टांगली जाई आणि आतून कुठल्यातरी बर्फाच्या मुलखातली भाषा ऐकू येऊ लागे. ताईंच्या आजारपणाने दाजींच्या डोक्यावर परिणाम झाला, असं गावाला वाटलं. मलाही तसंच वाटलं, फक्त मी ते जरा सुशिक्षित शब्दांत म्हणालो.

ताई म्हणजे माझी थोरली मेहुणी. तीन वर्षांपूर्वी भात झोडायच्या दिवसांत त्या खळ्यावरच कोसळल्या. उजवं अंग गेलं, वाचा गेली. त्यांना किती समजतं, असं दाजींनी डॉक्टरांना विचारलं तेव्हा ते म्हणाले, सांगता येत नाही. ह्या तीन शब्दांनी दाजींना आतून पोखरलं. कारण ताई आणि दाजी हे आमच्या सगळ्या नात्यातलं नामांकित भांडखोर जोडपं. आमटीतल्या मिठापासून मुलीच्या स्थळापर्यंत त्यांचं एकमत असं कधी झालंच नाही. बाजारात सुकटवालीने भाव सांगितला की ताई तोंडाने बोलतसुद्धा नसत, नुसता डावा तळवा उलटा करत आणि पुढे चालू लागत. घरात दाजींचं कुठलंही मत त्याच तळव्याने निकालात निघे. आता त्याच ताई भरवाल ते गिळत होत्या, कुशीवर वळवाल तिकडे वळत होत्या. मालिका लावली तर गाण्यालाही डोळ्यांत पाणी आणि साबणाच्या जाहिरातीलाही पाणी. दाजी बघत बसत. हे पाणी कळून येतंय की नुसतंच येतंय, ते त्यांना कळेना.

अशात त्यांची पुण्याची मुलगी दिवाळीला आली आणि जाताना पेनड्राइव्ह टीव्हीलाच विसरून गेली. ती कसल्याशा फिल्म क्लबात जाते. त्यात जगभरचे नावाजलेले, बक्षिसं मिळालेले, सहसा कुणी शेवटपर्यंत न बघितलेले पाऊणशे सिनेमे होते. दाजींनी ते एकेक करून सगळे बघितले, ताईंच्या खाटेला खाट लावून. मी एकदा न राहवून म्हणालो, की दाजी, निदान आपल्या भाषेतलं काहीतरी लावा. त्यावर म्हणाले, "मराठी लावला तर मला कळतो साडू, तिला किती कळला ते समजत नाय. ह्यात दोघंबी कोरी. एका बाकावर बसल्यासारखं वाटतं."

दाजींनी अख्खी नोकरी तानशाच्या पाइपलाइनवर गस्त घालण्यात काढली. मुंबईला जाणाऱ्या त्या अवाढव्य नळाच्या कडेने रोज मैलोन् मैल चालायचं, मधे थांबून लोखंडाला कान लावायचा आणि पाणी कुठे पाझरतंय का ते बघायचं. सिनेमाही ते तसाच बघत. सिनेमा चांगला असेल तर "ह्याला गळती नाय" एवढंच म्हणत. वाईट असेल तर नेमका कुठल्या जोडाला पाझरतो ते सांगत. एका सिनेमात सात-आठ मिनिटं नुसती भिंत होती. भिंत, तिच्यावर ऊन, आणि लांब कुठेतरी कुत्रं. माझी चुळबूळ बघून दाजींनी मला दटावलं. म्हणाले, "लाइनीवर आमी असंच बघायचो. चार-चार तास काय होत नाय. मग एक थेंब." आणि खरोखरच त्या भिंतीमागून एक म्हातारी आली. दाजींनी माझ्याकडे असं बघितलं, जणू तिला त्यांनीच बोलावलं होतं.

दिग्दर्शकाची पारख शेतीवरून. कुठल्यातरी देशात शेतावर धूर दिसला की दाजी ताईंना सांगत, राब भाजतायत. पेरणीआधी पालापाचोळा आणि शेण पसरून आपल्याकडे शेताचा तुकडा भाजतात, तसा जगात सगळीकडे भाजतात अशी त्यांची खात्री होती. एकदा तो धूर तोफांचा निघाला. दाजी म्हणाले, राब भाजायच्या दिवसांतच लढाई काढली, मग माणसं खाणार काय. परीक्षण म्हणून ह्याहून बरं काही मी पेपरात वाचलेलं नाही. फक्त मूकपट त्यांनी एकदाच लावला. पडद्यावरची माणसं ओठ हलवत होती आणि आवाज येत नव्हता. ताई मान वळवून दाजींकडे बघत राहिल्या, बराच वेळ. दाजींनी उठून टीव्ही बंद केला. पुन्हा त्यांनी मूकपटाचं नाव काढलं नाही.

आणि मग तो घड्याळाचा सिनेमा आला. काळापांढरा. नदीकाठी एक घर, घरात एक बाई. एक माणूस येतो, जेवतो, बाई काहीतरी बोलते, तो भिंतीवरचं भलंमोठं घड्याळ उतरवतो, पाठीला बांधतो आणि होडीत बसून पलीकडे जातो. बाई काठावर चादरी धूत राहते. अधूनमधून मान वर करून बघते. शेवटी ती होडी रिकामीच वाहत काठाला लागते. संपला. दाजींनी सवयीने ताईंना गोष्ट सांगितली, की नवरा घड्याळ दुरुस्तीला घेऊन गेलाय, येईल आता. आणि ताईंचा डावा हात चादरीवरून बोटभर उचलला गेला. तळवा उलटा झाला.

ते सांगायला दाजींनी मला मुरबाडला फोन केला. शाळेच्या ऑफिसात मी दाखल्यांवर शिक्के मारत होतो. दाजी म्हणाले, "साडू, आज ती माझ्याशी भांडली."

त्यानंतर तो सिनेमा आठवड्यातून दोनदा तरी लागायचाच. दाजी दर वेळी नवा पुरावा काढत. त्याने जाताना चप्पल दारात ठेवली, म्हणजे येणार. बाईने त्याचं ताट उपडं घातलं नाही, म्हणजे येणार. आणि दर वेळी तळवा उलटा. दाजी हरत होते आणि त्यांचं वजन वाढत होतं. बायको म्हणायची, दाजींचा चेहरा किती दिवसांनी माणसासारखा दिसतोय.

इथे माझा प्रवेश. नात्यात कुणाला इंग्रजी कागद आला की तो माझ्याकडे येतो. मी चष्मा पुसतो, कागद उलटसुलट करतो आणि 'गंभीर काही नाही' म्हणतो. आजवर दोनदाच गंभीर निघालं. तर मी पुण्याच्या भाचीला फोन करून विचारलं, रिमोटचं कुठलं बटण दाबलं की सिनेमाखाली इंग्रजी अक्षरं येतात. पुढच्या रविवारी किन्हवलीवरून मोटरसायकल हाणत शेणव्याला गेलो, बटण दाबलं आणि दोघांच्या मधे खुर्ची टाकून मोठ्याने मराठी सांगायला लागलो. पाचव्याच मिनिटाला ती बाई म्हणाली, तुमच्या भावाचं घड्याळ, तो गेल्यापासून बंदच आहे, घेऊन जा. म्हणजे नवरा कधीचाच मेला होता, आलेला माणूस तिचा दीर होता, आणि परत येण्याचा प्रश्नच नव्हता. हे मी वाचून दाखवलं, वर खुलासाही केला. मला वाटलं, वाद मिटला.

वाद मिटलाच. ताईंनी मान भिंतीकडे केली. त्यानंतर कुठलाही सिनेमा लावा, दाजी काहीही म्हणोत, तो हात चादरीवरून उचलला गेला नाही. मी डॉक्टरांना गाठून विचारलं, हे माझ्यामुळे झालं की दुखणंच वाढलं. ते म्हणाले, सांगता येत नाही. माघात ताई गेल्या.

मी बरेच दिवस तिकडे फिरकलो नाही. कामं आहेत असं बायकोला सांगत राहिलो. अखेर चैत्रात गेलो. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना राबाचा धूर होता. दार लोटलेलं, खिडकीवर गोधडी. आत ताईंची खाट तिथंच होती, वर घडी केलेली चादर. टीव्हीवर तीच बाई काठावर कपडे धूत होती, खाली अक्षरं नव्हती. दाजींनी पायाने माझ्याकडे खुर्ची सरकवली. होडी रिकामी आली, सिनेमा संपला, तरी आम्ही दोघं काळ्या पडद्याकडे बघत बसलो.

मग मी आयुष्यात पहिल्यांदा एक गोष्ट कबूल केली. "दाजी, तेव्हा माझं वाचण्यात चुकलं असणार. माझं इंग्रजी तसं कच्चंच आहे."

दाजींनी माझ्याकडे बघितलं. खोटं त्यांना पटकन कळतं. इतकी वर्षं लोखंडाला कान लावलेला माणूस. पण ते रिमोट हातात फिरवत राहिले. बाहेरून धुराचा वास येत होता.

"मंग तुमचं म्हणणं काय," त्यांनी विचारलं, "येल का तो?"

मी माझा डावा हात खुर्चीवरून उचलला आणि तळवा उलटा केला.

"तुमी पयल्यापासनं तिच्याच बाजूचे," दाजी म्हणाले, आणि त्यांनी सिनेमा पुन्हा सुरुवातीपासून लावला. "आता ती चप्पल बघा नीट."