शुक्रवारची माती

त्या दिवशी शुक्रवार होता. चौकशीत मी बाकी बरंच सांगितलं, हे सांगितलं नाही.

मी वास्तुकला शिकवतो. आमचा विभाग विद्यापीठाचा, वाशिमपासून बराच लांब. पण विभागाची सार्वजनिक व्याख्यानं आणि कार्यशाळा दरवर्षी वाशिम जिल्ह्यात व्हायच्या, कारण मी अनसिंगचा आणि ती टूम माझीच. व्याख्यान कुणीही येऊन ऐकावं, गावातल्या माणसांनी पोरांसोबत बसावं, कारागिरानं हातानं शिकवावं, असं सगळं मी अर्जात लिहायचो. अर्ज मला चांगले लिहिता येतात. बोलायला मात्र मी कच्चा. घरीही माझ्या तोंडून गोष्ट लवकर निघत नाही, बायको म्हणते, तुमच्या पोटातलं काढायला सांडशी लागते.

त्या वर्षीची कार्यशाळा धाब्यावर, म्हणजे मातीच्या छतावर होती. आमच्याकडे धाब्याची घरं असायची. लाकडी तुळया, त्यावर काड्यांचा थर, त्यावर तुराट्या नाहीतर पऱ्हाट्या, पळसाचा पाला आणि वरून गावठाणातली पांढरी माती. सपाट दिसतं, पण सपाट नसतं; किंचित उतार एका कडेला, तिथं भिंतीबाहेर काढलेली पन्हळ, पाणी तिथून पडतं. दर उन्हाळ्यात घरोघरी मिस्त्रीला बोलावून वर नवी माती टाकून घ्यायची. आता पत्रे आले, स्लॅब आले. तरी केनवडकडच्या पाच-सात गावांत तेव्हा धाबी होती आणि त्या सगळ्यांवर माती टाकणारा मिस्त्री एकच होता. साठीचा, बारीक अंगाचा, मुसलमान. मी त्यांना चाचा म्हणायचो, पोरंही चाचाच म्हणायची.

ते अनवाणी धाब्यावर चढत आणि टाचेनं ठोकत ठोकत चालत. कुठं पोकळ आहे, कुठं पाला कुजला, टाचेला कळायचं. पहिल्या दिवशी त्यांनी पोरांना एकच गोष्ट दहादा सांगितली.

"वीतभर माती टाका अन् सोडून द्या. चार दिस तिले निजू द्या. ते निजली का मंग दुसरी. ओलीवर ओली टाकली का धाब्याचं पोट पडते. पोट पडलं का पानी पन्हळीकडं जातच नाई, मधातच बसून राह्यते."

"चाचा, मग किती दिवस लागतील?" एका पोरानं विचारलं.

"तुमाले कुठं जाचं हाय बापा? लगन हाय का?"

सगळी हसली. मीही हसलो. पण मला खरंच कुठंतरी जायचं होतं. चाचांच्या गावात ज्या खोलीवर आम्ही हे धाबं घालत होतो, तिथंच त्या आठवड्यात शनिवारी सार्वजनिक व्याख्यान ठेवलं होतं, पुण्याहून मोठे वास्तुविशारद येणार होते, पत्रिका छापून वाटून झाली होती. खोली नंतर गावाच्या वाचनालयाला द्यायची होती. आणि माझी प्राध्यापकपदाची फाइल त्याच महिन्यात वर जाणार होती. तिच्यात या कार्यशाळेचे फोटो लागणार होते. हे कुणाला ठाऊक नव्हतं. मला होतं.

गुरुवारपर्यंत मातीचा एक थर पडला होता. तोही पुरता वाळला नव्हता. शुक्रवारी दुपारी चाचा हातपाय धुऊन शिरपूरच्या मशिदीत नमाजला निघाले. जाताना म्हणाले, "सर, मी येतो. तोवर कोनी वर चढू नका." गावातल्याच एकाच्या मोटारसायकलवर मागे बसून गेले.

फोटोवाला आलेला होता. ऊन छान होतं. चाळीस पोरं रिकामी बसली होती. पांढऱ्या मातीचा ढीग चिखल करून तयार होता. मी म्हणालो, "चला, साखळी करा. टोपली हातोहात वर जाऊ द्या. आज पूर्ण करून टाकू."

एक मुलगी होती, बुलडाण्याकडची, अभ्यासात हुशार. ती म्हणाली, "सर, चाचा येऊ द्या ना. त्यांनी सांगितलंय चार दिवस."

मी म्हणालो, "मार्क कोण देतो गं, चाचा की मी?"

गंमत म्हणूनच म्हणालो. पोरं खदखदून हसली. तीसुद्धा हसली आणि साखळीत उभी राहिली. तास-दीड तासात दोन थरांची माती वर गेली, गाणी म्हणत. फोटो फार सुंदर आले. टोपल्या हवेत, पोरांचे हात वर, मागे निळं आभाळ. ते फोटो अजून विभागाच्या भिंतीवर आहेत.

चाचा परत आले. मोटारसायकलवरून उतरले आणि खाली उभे राहूनच वर पाहिलं.

"काहून टाकली, सर?"

त्यांनी शिडी लावली, वर गेले, टाच न ठोकता नुसतेच उभे राहिले. मग फावडं मागितलं आणि माती खाली लोटायला लागले. तेवढ्यात सरपंचाची गाडी आली, व्याख्याते एक दिवस आधीच पोचले होते, गाव पाहायला. मी खालून म्हणालो, "चाचा, राहू द्या आता. व्याख्यान होऊ द्या. मग काढू."

"मंग नाई निघत हे. वाळली का जड होऊन बसते."

"तुम्ही खाली या. पाहुणे आलेत."

ते खाली आले. त्यांच्या जागी मी असतो तर आलो असतो का, मला माहीत नाही. पण ते आले, कारण मी सर होतो.

व्याख्यान झालं. पाहुण्यांनी वर बोट दाखवून सांगितलं की या छताखाली बसून आपण हजार वर्षांच्या शहाणपणाखाली बसलो आहोत. लोकांनी टाळ्या वाजवल्या. चाचांना शाल दिली. सोमवारी चाचा एकटेच फावडं घेऊन गेले तर ग्रामपंचायतीच्या माणसानं हटकलं, सरांनी बांधलेलं आहे, हात लावू नका. हे मला त्यांनी फोन करून सांगितलं. मी म्हणालो, पाहतो. मी पाहिलं नाही. फाइलीच्या कागदांत होतो.

मार्चमध्ये अवकाळी झाला. दोन दिवस. पाणी मधात बसलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी खोलीचं अख्खं छत आत आलं. वाचनालय अजून सुरू व्हायचं होतं म्हणून आत कुणी नव्हतं. माझं एवढंच नशीब, आणि त्याचा मी पुढे कितीतरी दिवस आधार घेतला. कुणाला लागलं तर नाही ना, असं.

ग्रामपंचायतीनं विभागाला पत्र लिहिलं. विभागानं तीन जणांची समिती बसवली. चाचांनाही बोलावलं होतं, मीच त्यांना माझ्या गाडीतून घेऊन गेलो. रस्ताभर ते खिडकीबाहेर पाहत होते, कुणाच्या घरावर कसलं छत आहे ते मला सांगत होते. समितीच्या खोलीबाहेर बाकावर त्यांना बसवलं. धुतलेला सदरा, पायात नवी चप्पल.

आत मला विचारलं, "काम कारागिराच्या देखरेखीखाली झालं ना?"

मी म्हणालो, "हो."

"पूर्ण वेळ?"

"हो."

"मग त्यांना बोलवायचं का आत?"

मी म्हणालो, "साधा माणूस आहे, घाबरेल. काय विचारायचं ते मला विचारा."

हे वाक्य मी इतक्या मायेनं म्हणालो की समितीतल्या एका बाईंनी मान डोलावली.

परतताना गाडीत चाचांनी विचारलं, "काय म्हने साहेब लोक?"

"काही नाही. झालं."

"मले बलावलंच नाई."

"गरज पडली नाही."

"बरं झालं," ते म्हणाले. "मले तर रातभर झोप नव्हती का काय बोलाव म्हून. तुमचं नाव कसं घ्याव, ते समजत नव्हतं."

अहवालात एक ओळ आली : पारंपरिक कारागिराच्या देखरेखीतील त्रुटीमुळे छत कोसळले. ती ओळ स्थानिक वर्तमानपत्रात तीन बोटांएवढ्या बातमीत गेली. माझी बढती झाली.

त्या उन्हाळ्यात चाचांना माती टाकायला कुणी बोलावलं नाही. एक घर नाही. लोक वाईट नव्हते. छपराखाली लेकरं निजतात, भीती वाटणारच. कुणी पत्रे टाकले, कुणी तसंच एक वर्ष काढलं. हे मला माहीत होतं. माझा मामेभाऊ रिसोडला असतो, त्यानं सहज बोलता बोलता सांगितलं होतं. मी विषय बदलला. असे सात उन्हाळे गेले.

मागच्या वर्षी मी गेलो. का गेलो, याचं चांगलं कारण माझ्याजवळ नाही. पन्नाशी झाली, साखर निघाली, डॉक्टर म्हणाले ताण घेऊ नका. एवढंच असेल.

चाचांचं घर पत्र्याचं झालं होतं. चाची दारात लसूण सोलत होत्या. मला ओळखलं.

"आइये सर. आता कोनतं घर पाडाचं हाय?"

"चूप बैस ना," आतून चाचा म्हणाले.

"सात साल चूपच हाव मी. यायले लोकं पाडू मिस्त्री म्हनत. लगनात गेलं तं म्हनत, मांडवाखाली बसू नका रे, पाडू मिस्त्री आला."

चाचा हसले. खरंच हसले. "पोट्टे हायत, म्हनतात."

मी सगळं सांगितलं. शुक्रवार, साखळी, समितीतला माझा "हो". चाचांना शुक्रवार अर्थातच ठाऊक होता. समितीतलं ठाऊक नव्हतं. ते गुडघ्यावर हात ठेवून बसले. चाचींनी लसूण सोलणं थांबवलं नाही.

"म्हंजे तुमी मले गाडीत बसवून नेलं," चाचा म्हणाले, "अन् बाहीर बसवून ठेवलं."

"हो."

"अन् येताना चहा पाजला."

"हो."

मी म्हणालो, मी दुरुस्ती करायला तयार आहे, पत्र लिहून देतो. चाची म्हणाल्या, "कागद कोन वाचते? कागदानंच खाल्लं आमाले. लोकायसमोर म्हना. जसं बाहेरगावच्या सायबाले बलावून लेक्चर करता तसं लेक्चर करा. हे बसतीन समोर."

विभागप्रमुख आता दुसरे आहेत, माझ्यापेक्षा तरुण. त्यांना सांगितलं तर म्हणाले, "सर, जुनं कशाला उकरता? पण विषय छान आहे. अपयशातून शिकणं. यंदाच्या मालिकेत घेऊ." पत्रिकेवर त्यांनीच तसं छापलं. मी हरकत घेतली नाही.

व्याख्यान वाशिमला एका सभागृहात ठेवलं. चाचा बसनं आले, दुसऱ्या रांगेत बसले. त्यांच्या गावचेही चार-पाच जण यावेत म्हणून मी सरपंचांना फोन केला होता. त्या दिवशी सोयाबीनची कापणी होती, कुणी आलं नाही. समोर पोरं होती, तीन कॉलेजांची, हजेरीच्या कागदावर सही करून बसलेली.

मी बोललो. काही लपवलं नाही. मुलीला काय म्हणालो तेही सांगितलं. "छत माझ्यामुळे पडलं, हे चाचा इथे बसलेत, त्यांच्यामुळे नाही, आणि चौकशीत मी खोटं बोललो," असं सरळ म्हणालो. मग टाळ्या सुरू झाल्या. आधी मागून, मग सगळीकडून, आणि काही पोरं उभी राहिली. मी हातानं नको नको म्हणत होतो तर टाळ्या वाढल्या.

विभागप्रमुख आभार मानताना म्हणाले, एवढा प्रांजळ शिक्षक लाभणं हे भाग्य आहे. मग त्यांना आठवलं, "ते मिस्त्रीही आज आपल्यात आहेत." चाचा अर्धे उठले आणि बसले. नंतर पोरांचा घोळका माझ्याभोवती झाला. एकीच्या डोळ्यांत पाणी होतं. ती म्हणाली, सर, मला तुमच्यासारखं खरं बोलता यायला हवं. तिकडे एक मुलगा चाचांना विचारत होता, "चाचा, सर्टिफिकेट कुठं मिळतं?"

बसस्टँडवर मी त्यांना सोडायला गेलो. मालेगावची गाडी लागायची होती. त्यांनी हातात पत्रिकेची घडी धरली होती.

"बोलनं चांगलं झालं, सर," ते म्हणाले.

"चाचा, गावात मी येतो. ग्रामसभेत हेच बोलतो."

"नका येऊ." त्यांनी ते रागानं म्हटलं नाही. "गावात आता धाबं एक बी नाई राह्यलं. कोनाले सांगसान? म्हनतीन सर किती मोठ्या मनाचा मानूस हाय. आज बी तेच म्हनत होते सारे. मी आयकत होतो ना बसून."

"मी खोटं बोललो होतो, हे मी सांगितलं सगळ्यांना."

"सांगतलं. हौ, सांगतलं." गाडी आली तशी ते उठले. "पन माह्याबद्दल काय म्हनले ते पोट्टे? एक बी नाई बोलला का हा मानूस काम बरोबर करे. त्यायले मी दिसलोच नाई. तुमची चाची विचारीन घरी, काय झालं म्हून. म्या काय सांगाव तिले?"

ते गाडीत चढले. खिडकीशी जागा मिळाली नाही, दांडी धरून उभे राहिले.

त्या व्याख्यानाची चित्रफीत विभागानं सगळीकडे पाठवली. दोन कॉलेजांतून निमंत्रणं आली, हेच आमच्याकडे येऊन बोला म्हणून. एका ठिकाणी मी जाऊन आलो.