वाकण्याची मुभा

आखातातल्या करामा भागातील दवाखान्यात आम्ही दोघे कंबरदुखीचे व्यायाम करत असू. मला पुढे वाकल्याने आराम पडे. तो कोकणातला लादी बसवणारा. पुढे वाकताच त्याची कळ पोटरीपर्यंत उतरे. तरी थेरपिस्टबाईंनी विचारले की तो म्हणे, “काही नाही, मॅडम.” दुखणे कळले तर कंपनी गावी पाठवील, ही धास्ती.

“खोटं सांगशील तर व्यायामही चुकीचा मिळेल,” मी एकदा दटावले.

त्याने खरे सांगितले. दहा वेळा मागे वाकल्यावर कळ पोटरीतून कमरेत परतली. बाई खूश झाल्या. “कळ वर सरकली म्हणजे सुधारणा आहे. आता हेच करा. महिनाभर पुढे वाकणं खलास.”

बुटांकडे गेलेला त्याचा हात थांबला. “काका, मागे वाकून लादी कशी बसवू?”

मला वाकण्याची मुभा होती; त्याचे बूट मी उचलून दिले.