काठीला बांधलेला मिक्सर

बेळगावात आमच्या घरापुढे छोटीशी बाग आहे. छोटी म्हणून सोपी नाही. पाऊस उघडला की तिच्यात गवत असं माजतं की फाटकापर्यंतची वाट दिसेनाशी होते. गवत कापायला माणूस मिळत नाही, मिळाला तर सांगितलेल्या दिवशी येत नाही, आणि आलाच तर फोनवर बोलत निम्मं तसंच ठेवून जातो. मी मुळात तापट. एकदा वाट पाहिली, दोनदा पाहिली आणि शेवटी बॅटरीवर चालणारं गवत कापायचं यंत्र मागवलं. लांब दांडा, खाली गरगर फिरणारा नायलॉनचा दोरा, वर खटकन बसणारी बॅटरी. वायर नाही, पेट्रोल नाही, कुणाची मनधरणी नाही.

खोकं उघडलं तेव्हा आई शेजारीच बसली होती. वडील गेल्यावर मी तिला आमच्या गावाहून, बोरगावहून माझ्याकडे आणलं. तिनं यंत्राकडे बराच वेळ निरखून पाहिलं.

"हे काय गं? काठीला मिक्सर बांधलास व्हय?"

"आई, यानं गवत कापायचं. हा दोरा फिरतो ना, त्यानं."

"दोऱ्यानं? मग आमी काय खुळ्या हुतो, जलमभर इळं घासत बसायला?"

पण तिला ते आवडलं. मी कापायला लागले की ती पायरीवर येऊन बसायची. बॅटरी संपून यंत्र मध्येच गप्प झालं की म्हणायची, "दमलं गं ते. आत न्हे, त्याला जेवाण घाल." मी बॅटरी चार्जरला लावून येईपर्यंत ही खिडकीतला विळा घेऊन कुंड्यांमागे बसलेली असायची.

तो विळा तिनं बोरगावहून येताना स्वतःच्या पिशवीतून आणला होता. आयुष्यभर तिनं लोकांच्या बांधावरचं गवत कापलं, भारे डोक्यावरून वाहून म्हशीवाल्यांच्या दारात टाकले. याची तिला लाज नव्हती, उलट लई घमेंड होती. "माझ्यासारखा भारा बांधणारी बाई अख्ख्या बोरगावात न्हवती. पावसात भिजला तरी सुटायचा न्हाय." हे ती भाजीवाल्याला सांगायची, गॅसवाल्याला सांगायची, माझ्याबरोबर कॉलेजात शिकवणाऱ्या बायका घरी आल्या की त्यांनाही सांगायची. तिच्याकडे मिरवायला दुसरं होतंच काय? दागिने नाहीत, शेत नाही. मी त्या भाऱ्यांवर शिकले, प्राध्यापक झाले. आमच्या वस्तीतल्या विहारात सत्कार झाला तेव्हा मी हे माईकवरून सांगितलं होतं आणि बायकांनी डोळे पुसले होते. माईकवरून सांगायला ते फार सोपं असतं.

त्या रविवारी सकाळी मी फाटकाजवळचं गवत कापत होते. अंगात नवऱ्याची जुनी पँट, डोक्याला टॉवेल, डोळ्यांत खडे जाऊ नयेत म्हणून मोठा चष्मा. आई पायरीवर पावट्याच्या शेंगा सोलत होती. फाटकाशी एक बाई येऊन थांबल्या. मागच्या गल्लीत नुकत्याच राहायला आलेल्या, धारवाडकडच्या. मी यंत्र बंद केलं. त्यांनी आधी यंत्राकडे पाहिलं, मग माझ्या पँटकडे, आणि कानडीत विचारलं, "नम्म मनिगू बर्तियेनु?"

आमच्याही घरी येशील का? येशील. एकेरीत. पाठोपाठ, किती घेतेस, हेही विचारलं.

त्यांचं काय चुकलं होतं? त्यांनाही माणूस मिळत नसणार. "अहो, हे माझंच घर, या आत चहाला," एवढं हसून म्हटलं असतं तर दोघी हसलो असतो. पण माझ्या अंगाचा तिळपापड झाला. टॉवेल ओढून काढला आणि इंग्रजीत सुनावलं की हे घर माझं आहे, मी कॉलेजात शिकवते. तेवढ्यावर थांबले असते तर आईला काही कळलं नसतं. पण राग अनावर झाला की माझी जीभ थेट बोरगावला जाते.

"मी काय गवत कापणारी बाई वाटलो व्हय तुमाला? कुणाच्याबी दारात जाऊन गवत कापाय?"

बाई "सॉरी मॅडम, सॉरी" करत निघून गेल्या. मी मोठ्या ऐटीत वळले आणि पायरीवर आई दिसली. तिच्या बोटांत शेंग तशीच अर्धी सोललेली होती. ती माझ्याकडे बघत नव्हती. धरणीनं पोटात घ्यावं असं म्हणतात, ते मला त्या क्षणी खरोखर वाटलं. ती शेंग तशीच ताटात टाकून ती म्हणाली, "ऊन झालंय. आत चल."

ती रागावली असती तर बरं झालं असतं. तिच्या शिव्या मी लहानपणापासून खाल्ल्यात, त्या पचतात. गॅसवाला आला, तिनं त्याला नेहमीप्रमाणे पाणी दिलं, आणि भाऱ्याचा विषय निघायच्या आत ती आत निघून गेली. खिडकीतला विळा दिसेना. शोधला तेव्हा माळ्यावर सापडला, जुन्या लुगड्यात गुंडाळून ठेवलेला. मी तो पुन्हा खिडकीत आणून ठेवला, तर दुसऱ्या दिवशी परत माळ्यावर.

एकदा धीर करून म्हणाले, "आई, त्या दिवशी मी त्या बाईंना जे बोलले ना…"

"खरंच हाय की ते," ती म्हणाली. "तू कुठं गवत कापणारी?"

त्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर मी तिच्या पाया पडले असते. तिला ते मनापासून पटलं होतं, हीच तर माझी शरम होती. तिच्याकडे मिरवायला एकच गोष्ट होती आणि ती मी भर रस्त्यावर हलकी करून टाकली होती.

दिवाळीनंतर त्या बाई घरी आल्या. डब्यात शेंगदाण्याच्या पोळ्या, तोंडात "मॅडम" आणि "तुम्ही". मी चहा टाकला. बाहेर येऊन बघते तर आई नवी साडी नेसून सोफ्यावर बसलेली. एरवी कितीही सांगितलं तरी ती खाली चटईवरच बसते. दोन्ही हात पदराखाली घेतले होते. त्या हातांवर विळ्याच्या जुन्या खुणा आहेत.

बाईंचं मराठी कानडी वळणाचं, पण गोड होतं. खिडकीतून यंत्राकडे बघत त्यांनी आईला सहज विचारलं, "अज्जी, आता मशीन आले. तुमच्या गावाकडे पहिले गवत कोण कापत होते?"

सांग आई, मी मनात म्हणाले. भाऱ्याचं सांग. पावसातसुद्धा सुटायचा नाही ते सांग.

"कोन म्हंजे? गडी कापायचं," आई म्हणाली. "आमाला कुठलं ठावं? आमी घरातच असायचो."

"ते दिसतेच की," बाई म्हणाल्या. "चांगल्या घरच्या आहात अज्जी तुम्ही." आणि कौतुकानं माझ्याकडे बघू लागल्या.

एक वाक्य पुरलं असतं. माईकवरून म्हटलं होतं तेच. पण ते म्हणावं तर परक्या बाईसमोर आई खोटी पडणार होती, आणि न म्हणावं तर मी. आई डोळे वटारून माझ्याकडे बघत होती, लहानपणी पाहुण्यांसमोर गप्प बसवायची तशी.

"हो," मी म्हणाले.

आईचा चेहरा सैल झाला. पदराखालचे हात तिनं तसेच ठेवले आणि मला म्हणाली, "बाईंस्नी आनि जरा च्या दे गं."