मेंढरांमागं गेलेली पेटी

आबा गेले त्या दिवशी मला रडू आलं नाही. तेराव्यालाही नाही. चौदाव्या दिवशी मी शाळेत गेले आणि सातवीच्या वर्गाला फुलदाणी काढायला दिली. मी चित्रकला शिकवते. आबा, म्हणजे माझे वडील, जन्मभर मेंढरांमागं फिरले.

महिन्याभरानं बीडला शिक्षकांचं प्रशिक्षण होतं. शिकवायला आलेल्या बाई म्हणाल्या, आपल्या माणसाच्या वस्तू लावून एक पेटी करा. उघडली की चित्र, मिटली की काखेत मारून कुठंही नेता यावी. आठ दिवसांनी आणायची होती. दुसरं काही सुचेना म्हणून मी आबांच्या वस्तू घेतल्या.

शाळेत असतानाची माझी पत्र्याची पेटी होती. तिला आतून त्यांच्या घोंगड्याचा तुकडा चिकटवला. त्यावर चुन्याची डबी, चष्मा, मेंढीच्या गळ्यातली घंटी आणि मधोमध लोकर कातरायची कातर. हात नीट चालत होते. माझ्या आत काहीच हलत नव्हतं.

सकाळी आईनं बघितलं.

"कातर कावून चिकटवलीस गं?"

"आठवण म्हणून."

"नाना उद्या न्यायला येणार हायेत. मेंढरं कशानं कातरायची त्यांनी?"

नाना म्हणजे आबांचे धाकटे भाऊ, आता मेंढरं तेच राखत होते. आईनं उलथन्यानं कातर उचकटली, पदराला पुसली आणि आत नेली. कातरीबरोबर घोंगडंही फाटून आलं. खाली पत्रा दिसायला लागला. मी तो तसाच राहू दिला.

आमच्या मांजरसुंब्याहून बसनं पेटी मांडीवर घेऊन बीडला गेले. बाईंनी सगळ्यांना तो उघडा पत्रा दाखवला. "किती बोलकी जागा सोडलीय!" मी मान हलवली.

दुसऱ्या दिवशी नाना कातर न्यायला आले. बाजेवरची पेटी त्यांनी उघडली. घोंगड्याला नाक लावलं आणि हुंदके देऊन रडायला लागले. मी पाण्याचा तांब्या आणून शेजारी ठेवला.

"ही मला दे बाई. चार म्हैने रानात हाय मी."

"न्या."

त्यांनी ती घोडीवरच्या बाडबिस्तऱ्यात बांधली.

पंधरा दिवसांनी त्यांचा फोन आला. "मुक्कामाला पेटी उघडून ठिवतो. वळखीची माणसं बघायला येत्यात, लई बोलत बसत्यात आबाबद्दल. तू कदी येती?"

"सुट्टीत बघते," मी म्हणाले. फोन ठेवला आणि उरलेल्या वह्या तपासल्या.