अर्ध्या वाटेवरची किल्ली

चावीवाल्यांचं दुकान म्हणजे दोन इमारतींमधली बोळकांडी. वर पत्रा, पुढे शटर आणि दोन्ही भिंतींवर खिळ्यांना टांगलेल्या कोऱ्या किल्ल्या. गिऱ्हाईक जरा भरल्या अंगाचं आलं की चावीवाल्यांना पोट आत ओढून बसावं लागे. ते पोटही हल्ली पूर्वीसारखं आत जाईना, हे गिऱ्हाइकानं म्हणायच्या आत तेच म्हणून टाकत. आपली टिंगल आपणच उरकून घेतली की दुसऱ्याला काही शिल्लक राहत नाही, असा त्यांचा सोपा विचार.

असा हा माणूस नदीच्या मुखापासून उगमापर्यंत, अख्खं खोरं पायी चढून जाणार आहे, हे ऐकून शेजारचा झेरॉक्सवाला पोट धरून हसला. चावीवाल्यांनी त्याला हसू दिलं. शटर वर करताना ज्याला धाप लागते, त्यानं असले बेत जाहीर केल्यावर माणसानं हसायचं नाही तर काय करायचं?

बेत मुळात त्यांचा नव्हताच, बायकोचा होता. नदीच्या कडेकडेनं पायवाट आहे, दगडांवर पिवळ्या खुणा रंगवल्या आहेत, रविवारी रविवारी एकेक टप्पा केला की कधीतरी उगम येतोच, हे सगळं तिनं कुठून कुठून शोधून काढलं होतं. दोघांसाठी बूटही आणले होते. ते बूट डब्यातून बाहेर निघायच्या आतच ती गेली. सकाळी बोलत होती आणि दुपारी नव्हती, इतकं ते पटकन झालं.

भेटायला आलेली माणसं पांगली आणि मागे राहिला तिचा धाकटा भाऊ. हा मेहुणा दातांच्या कवळ्या बनवतो. म्हणजे एक जण किल्लीचे दात घासणार, दुसरा माणसांचे, पण साम्य तिथेच संपलं. चावीवाले झोपेतही बोलत, आणि मेहुण्याच्या तोंडून शब्द काढायचा तर पक्कड हवी. त्यानं दाराशी ते डबे पाहिले आणि म्हणाला, “भाऊजी, ताईची नदी आपण चालायची का?” चावीवाले भावनेच्या भरात हो म्हणून बसले आणि मग त्यांना घाम फुटला. सबंध दिवस या माणसाबरोबर चालायचं म्हणजे बोलायचं तरी काय?

भीतीनं माणसाला अक्कल सुचते. चावीवाल्यांनी युक्ती काढली. त्यांनी आपली स्कूटर टप्प्याच्या खालच्या टोकाला लावायची आणि वर चालत सुटायचं. मेहुण्यानं आपली जुनी मोटार वरच्या टोकाला लावून खाली यायचं. अर्ध्या वाटेत गाठ पडली की किल्ल्या बदलायच्या आणि पुढे चालू लागायचं. चावीवाले मोटार घेऊन उतरणार, मेहुणा स्कूटर घेऊन गावात येणार, तिथे आपापली वाहनं ताब्यात. कुणाला मागे फिरायला नको की गाड्यांची पळापळ नको. हे सगळं वेळ वाचवण्यासाठी आहे, असं त्यांनी तोंड वर करून सांगितलं. खरं म्हणजे एकमेकांबरोबर न चालता एकच वाट चालायची ही सोय होती. मेहुण्यानं मान हलवली. त्यालाही सुटल्यासारखं वाटलं असणार.

पहिले काही टप्पे किल्ल्या बदलल्या आणि रामराम ठोकला. मग एकदा मेहुण्यानं संत्रं सोलून अर्धं पुढे केलं. पुढच्या खेपेला चावीवाल्यांनी उकडलेली अंडी नेली. हळूहळू ते अर्ध्या वाटेवरचं बसणं लांबत गेलं. चावीवाले बोलत, मेहुणा ऐके आणि मधेच ताई लहानपणी झाडावर कशी अडकून बसली होती, असलं काहीतरी सांगून पुन्हा गप्प होई. आठवडाभर दुकानात कानस चालवताना चावीवाले त्याच अर्ध्या तासाची वाट पाहू लागले. चालणं म्हणजे निव्वळ शिक्षा होती, पण त्या भेटीपायी ते गुडघ्यांना तेल चोळून निघत.

एकदा मेहुणा म्हणाला, “तुम्ही जगाच्या किल्ल्या करता, आपल्या दोन गाड्यांच्या जास्तीच्या करून टाका ना. बदलायची भानगड नको.” चावीवाले बघू म्हणाले. पुढे ते बघतच राहिले. कधी त्या जातीची कोरी किल्ली संपलेली असे, कधी मशीन बिघडलेलं. किल्ल्या झाल्या तर अर्ध्या वाटेत थांबायचं कारणच काय उरलं? अशा थापा मारणारा चावीवाला उभ्या बाजारात दुसरा नसेल, हे त्यांचं त्यांनाही कळत होतं.

आणि मग शेवटचा टप्पा आला. चावीवाल्यांना मूल नाही, बाळ नाही. तिच्या माणसांपैकी घरी येणारा हा एवढाच, तोही नदीपायी. नदी संपली की तो कशाला येतोय? म्हणून त्यांनी एक वाक्य तयार केलं होतं. ‘नदी संपली तरी रविवारी येत जा.’ इतकं साधं वाक्य. स्कूटर लावून चढताना त्यांनी ते झाडांना म्हणून दाखवलं, एका गाईला म्हणून दाखवलं. गाईनं ऐकून घेतलं.

अर्ध्या वाटेवर लाकडी पूल होता. मेहुणा आधीच येऊन बसला होता. चावीवाले बसले आणि त्यांची टकळी सुरू झाली. पितळ महागलं, बुटाचा तळ सुटला, झेरॉक्सवाल्याला पडसं झालं. सगळ्या जगाचं बोलून झालं, फक्त ते वाक्य काही तोंडातून बाहेर पडेना. शेवटी त्यांना स्वतःचाच इतका राग आला की ते तटकन उठले, चलतो म्हणाले आणि सरळ चालू लागले.

उगमापर्यंतचा चढ त्यांनी स्वतःला शिव्या देत काढला. उगम म्हणजे तरी काय, एका कातळाखाली ओल्या पोतेऱ्याएवढी ओल. यासाठी एवढी तंगडतोड? पलीकडे मेहुण्याची मोटार उभी होती. त्यांनी खिशात हात घातला आणि हाताला लागली स्कूटरची किल्ली.

चावीवाले मटकन खाली बसले. जन्म गेला किल्ल्या करण्यात, लोकांच्या अडकलेल्या मोटारी उघडून देण्यात, आणि आज स्वतः बंद मोटारीसमोर. हत्यारं दुकानात. फोनला रेंज नाही. खाली मेहुणा मोटारीची किल्ली हातात घेऊन स्कूटरपाशी उभा असणार, मनातल्या मनात भाऊजींचा उद्धार करत. येत जा म्हणायचं राहू दे, आता तो तोंडही दाखवणार नाही. ते मोठ्यांदा हसले, कारण दुसरं काही केलं असतं तर रडू आलं असतं. मग उठून, लंगडत, आल्या वाटेनं परत निघाले.

पुलाशी पोचले तेव्हा ऊन उतरलं होतं. मेहुणा तिथेच बसला होता. बूट काढून पाय पाण्यात सोडलेले, शेजारी संत्र्याच्या सालींचा ढीग.

“तू खाली जाऊन परतही आलास?” चावीवाल्यांनी विचारलं.

“गेलोच नाही.”

“म्हणजे?”

“किल्ल्या बदलल्या नाहीत, हे तुम्ही उठलात तेव्हाच लक्षात आलं होतं.”

“मग हाक मारायला काय झालं होतं, गाढवा? माझ्या गुडघ्यांचे तुकडे पडले!”

मेहुणा पाण्याकडे बघत होता. “वाटलं, पहिल्या वळणावर तुम्हाला आठवेल. परत याल. मग अजून थोडा वेळ बसता येईल.” त्यानं एक पाय पाण्याबाहेर काढला. “हाक मारली असती तर तुम्ही किल्ली देऊन गेला असता, भाऊजी. मग पुढच्या रविवारी मी काय सांगून यायचं?”

चावीवाल्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. “काही सांगायचं नाही,” ते म्हणाले. “नुसतं यायचं.”

“बरं,” मेहुणा म्हणाला आणि बूट चढवू लागला.

पुन्हा वर चढणं चावीवाल्यांच्या बापाच्यानंही होणार नव्हतं. स्कूटरवर दोघांनी जायचं आणि मोटार उद्या आणायची, असं ठरलं. वाट अरुंद होती, म्हणून मेहुणा पुढे झाला आणि चावीवाले मागे.

इतक्या रविवारांत मेहुणा त्यांना दिसे तो समोरून येताना किंवा बसलेला. पाठीमागून चालताना त्यांनी त्याला कधी पाहिलंच नव्हतं. तो डावं पाऊल जरासं बाहेर टाकत होता आणि उतार आला की उजवा हात अंगापासून दूर धरत होता. ती अशीच चालायची. बाजारातून, जिन्यावरून, दवाखान्याच्या दारातून, आयुष्यभर त्यांच्या दोन पावलं पुढे, हुबेहूब अशीच. चावीवाल्यांना तिची इतकी आठवण आली की पायाखालचे दगड दिसेनात.

“आज गप्प का?” मेहुण्यानं न वळता विचारलं.

“दम लागलाय,” चावीवाले म्हणाले. “तू चाल. पुढेच चाल.”