काजळीच्या दोन काचा

३ ऑक्टोबर १९७६, रविवार. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी हिंगोलीच्या आमच्या शाळेच्या प्रयोगशाळेत मी रॉकेलच्या चिमणीवर काच धरून तिची मागची बाजू काळी करत होते. हे काम एकदा झालं होतं. पण खंडेनवमीला उपकरणांची पूजा मांडताना शिपाईमामांनी सगळी काजळी धुऊन काढली आणि वर हळदकुंकू लावलं.

"लई मळल्या होत्या, बाई. पूजेला तशाच ठिवू का?"

"मळल्या नव्हत्या, मामा. मागचा उजेड अडवायला मी काळ्या केल्या होत्या."

"काळीच करायची, तर काच काहून? फळी घ्यायची."

सोमवारी तपासणी होती. अकरावी विज्ञानाचा वर्ग आमच्याकडे राहणार की नाही, हे तपासणीला येणारे शिक्षणखात्याचे साहेब ठरवणार होते. वर्गात एकच मुलगी होती. तिचे वडील स्पष्ट बोलले होते, "इथं असंल तर शिकन. नांदेडला धाडणार न्हाई."

प्रकाशाचं ध्रुवण दाखवायचं उपकरण आमच्याकडे नव्हतं, म्हणून मी फोटोच्या काचांवर भागवलं. ठरावीक कोनात काचेवरून परतलेल्या उजेडाची कंपनं एकाच दिशेची उरतात, हेच ध्रुवण. दुसरी काच तेवढीच तिरपी धरून पाव फेरा फिरवली की तिच्यात दिसणारी चिमणीची ज्योत दिसेनाशी होते.

मदतीला ती मुलगी आली होती. म्हणाली, "बाई, काच थोडीच फिरवली तर ज्योत अंधूक दिसते. तवा उजेडाचा कण, फोटॉन, अर्धाच येतो का?"

"अर्धा कधीच येत नाही. एक तर येतो, नाही तर नाही. येणारे कमी झाले की आपल्याला अंधूक दिसतं."

"मंग कोनता येणार, हे कोन ठरवतं?"

"ते मलाही सांगता येत नाही. कोनमापक धर."

घाईत एक काच तडकली. दुकानं बंद होती. घरी जाऊन माझ्या पदवीच्या प्रमाणपत्राच्या चौकटीची काच काढून आणली. ती चिमणीवर हळूहळू शेकून काळी केली, कोन पुन्हा जुळवला. मामांना बजावलं, "उद्या फडकं इकडं आणायचं नाही."

सोमवारी सकाळी मी खिडक्यांवर सतरंज्या टांगल्या आणि मुलीच्या वडिलांना बोलावून मागच्या बाकावर बसवलं. साहेबांनी विचारलं, "दाखवणार कोण?" मी बाजूला झाले. मुलीनं दुसरी काच फिरवली, ज्योत गेली. "पुन्हा," साहेब म्हणाले. तिनं पुन्हा दाखवलं. मी वर्गाच्या मंजुरीचा कागद त्यांच्यापुढे ठेवला, पेनाचं टोपण काढून दिलं आणि सही होईपर्यंत तिथून हलले नाही.