म्हशीचा आडपडदा

आमचे जेठ, म्हणजे ह्यांचे थोरले भाऊ, माझ्याशी कधी बोलत नाहीत. राग वगैरे काही नाही, आमच्या खानदेशात ती रीतच आहे. ते घरात शिरताना खाकरतात, मी पदर हनुवटीपर्यंत ओढते. चहा हवा असला की ते दाराच्या चौकटीला सांगतात, "चहा झाला तर बरं होईल." मी आतून बांगड्या वाजवते. लग्न झाल्यापासून असंच चाललं होतं आणि कुणाचं काही अडलं नव्हतं. अडलं ते म्हशीपायी.

आम्ही आता गुजराती मुलखात, कामरेजकडच्या एका गावात राहतो. ह्यांचं काम हजीऱ्याला, घरी येणं आठवड्यातून एकदा. मी गावात लोकांच्या म्हशींचं शेण काढायची, धारा काढायची. दुसऱ्याची म्हैस पाण्यावर नेताना रोज वाटायचं, एक तरी आपली असावी. जाऊबाईंनी ते मनावर घेतलं. गावात शेतकऱ्यांची सहकारी मंडळी आहे. ती खत-बियाणं देते, तसंच दुभत्या जनावरासाठी कर्जही देते. जेठ तिथले जुने सभासद, ते जामीन राहिले. मलाही सभासद करून घेतलं. म्हैस शेजारच्या गावातली ठरली, काळीभोर, एक शिंग खाली वळलेलं, आपण कुणालाच विचारत नाही अशा चेहऱ्याची. विकणाऱ्याने ती आमच्या अंगणात आणून बांधली आणि मी लगेच तिच्या पायात काळा दोरा बांधून टाकला.

इकडे मंडळीच्या चिटणिसाला मंत्री म्हणतात. आमचे मंत्री स्कूटरवर आले, गाडी म्हशीशेजारीच लावली. पुढे बायकोने सांगितलेली कोथिंबीर लटकत होती. त्यांनी मोबाईल काढला आणि नियम सांगितला. कर्ज घेणारी, जामीन आणि जनावर, तिघं एकाच फोटोत हवेत. दोघांचे चेहरे दिसायला हवेत आणि म्हशीच्या कानातला पिवळा बिल्लाही. संध्याकाळी कमिटीची बैठक होती, तिच्या आधी फोटो पोचायला हवा. पुढची बैठक एकदम महिन्याने.

"महिनाभर मी थांबणार नाही हां," खाटेवर बसलेला विकणारा म्हणाला. "दुसरं गिऱ्हाईक तयार आहे."

माझं सगळं लक्ष त्या काळ्या दोऱ्याकडे लागलं.

पहिला फोटो निघाला. मंत्र्यांनी तो बघितला आणि कपाळाला हात लावला. त्यात माझा पदर होता, भिंतीकडे तोंड करून उभ्या जेठांची पाठ होती, आणि म्हैस.

"बेन, चहेरो! चहेरो जोईए!" मंत्री म्हणाले. "तिघांत एकटी भेंसच बरोबर उभी आहे."

"तोंड दखाड ना व माय," जाऊबाई ओसरीवरून ओरडल्या. "म्हैस बी दखाडी ऱ्हायनी!"

जेठांनी एक तोड काढली. ते समोर वळले आणि त्यांनी डोळे घट्ट मिटून घेतले.

"काका, आंख खोलो. झोपलेला जामीन चालत नाही."

विकणारा उठून म्हशीचं दावं सोडायला लागला. तेवढ्यात जेठ खाकरले. जवळपास चौकट नव्हती, म्हणून ते म्हशीलाच म्हणाले, "म्हैसबाई, तुम्ही मधे उभ्या राहा. तुमच्या मालकिणीला म्हणावं, त्या बाजूला उभी राहा आणि पदर वर घे. मला काही दिसणार नाही."

मला 'मालकीण' म्हणाले! मी धावतच पलीकडे गेले. म्हैस उंच आणि चांगली रुंद. खरंच, तिच्याआडून जेठ अजिबात दिसेनात. मंत्र्यांना मात्र दोघंही दिसत होतो.

"थांबा हो मंत्रीभाई," जाऊबाई म्हणाल्या. "तांदूळ आणते. अंतरपाट तर धरलाच आहे!"

"म्हैसबाई, तिला गप्प बसायला सांगा," पलीकडून आवाज आला.

मला हसू फुटलं. ते दाबत मी पदर डोक्यापर्यंत वर घेतला. मंत्र्यांनी मोबाईल उचलला. तेवढ्यात म्हशीने मान वळवली, माझा पदर तोंडात धरला आणि सावकाश चघळायला लागली. मी ओढला, तशी तिनेही ओढला. पदर डोक्यावरून गेला, मी किंचाळले, आणि काय झालं म्हणून जेठ तिच्या मानेवरून डोकावले.

आम्ही एकमेकांकडे बघतच राहिलो. ह्यांच्यासारखंच त्यांचंही नाक डावीकडे वाकडं आहे, हे मला तेव्हा कळलं. बटाट्याला फुटलेल्या कोंबासारखं. मला ते हसू आवरेना. मी तोंडाला पदर लावायला गेले, तर पदर म्हशीच्या तोंडात. ते बघून जेठही हसले, पुढचे दोन दात नसलेलं हसू. मंत्र्यांनी बटण दाबलं.

"बे चहेरा, एक बिल्लो. पास!" ते म्हणाले. "हसू नये असा नियम नाही."

ते घाईने निघाले तेव्हा कुणाच्याच लक्षात आलं नाही. संध्याकाळी कर्ज मंजूर झाल्याचं सांगायला आले, तर म्हणाले, "चेअरमनने विचारलं, यात कर्ज कुणाला द्यायचं आहे, हसणाऱ्यांना की खाणारीला?" मग हळूच विचारलं, "माझी कोथिंबीर इथे पडली का?" जाऊबाईंनी म्हशीकडे बोट दाखवलं. तिच्या तोंडाला अजून हिरवं लागलेलं होतं. मंत्री घरी काय बोलणी खाणार होते, ते त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं. मी परसातली मूठभर खुडून दिली.

पहिल्या दुधाचा चहा मी ओसरीवर ठेवला आणि गोठ्यात जाऊन उभी राहिले. पदर ओढला होता, पण नाकापर्यंतच. जेठांनी एक घोट घेतला आणि मान गोठ्याकडे वळवली.

"म्हैसबाई, चहात साखर कमी आहे."

म्हैस रवंथ करत राहिली. बांगड्या वाजवून साखरेचं काय सांगणार? मी तिच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाले, "म्हैसबाई, सांगा त्यांना, डबा त्यांच्या हाताशीच आहे."